डोईवरची पाटी

ईटच्या शिवारात बांबूचं बेट सापडणं अवघड. पण चाळीस वर्षांपूर्वी या भागात वेळूची पाटी नसलेलं घर सापडणं त्याहून अवघड गेलं असतं. जी वस्तू इथं पिकत नाही ती दारोदार पोचली कशी आणि आता दारातून निघाली कशी, याची ही हकिकत.

धाराशिव जिल्ह्याच्या वायव्य टोकाला भूम तालुका आणि त्यात ईट. बालाघाटाचं पठार, पर्जन्यछायेचा मुलूख. उतारावर मुरमाड रान, सखल भागात काळी जमीन. पश्चिमेला थोडं पुढे गेलं की अहिल्यानगर जिल्ह्यातलं खर्डा लागतं, १७९५ साली मराठे आणि निजाम यांची लढाई झाली ते. पाऊस भरवशाचा नाही म्हणून इथल्या माणसानं दुभत्यावर भिस्त ठेवली. त्यातून खव्याच्या भट्ट्या पेटल्या आणि भूमचा खवा दूरच्या शहरांत जाऊ लागला. याच तालुक्याच्या आसपासच्या खव्याला, कुंथलगिरी खवा या नावानं, २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. खव्याचं कौतुक झालं हे बरंच झालं. मात्र त्या म्हशींखालचं शेण रोज पहाटे उकिरड्यापर्यंत कोण नेतं आणि कशातून नेतं, याची नोंद कुठल्या मानांकनात नसते. ते बाई नेते, आणि परवापरवापर्यंत ती ते वेळूच्या पाटीतून नेत होती.

शेतातलं बहुतेक काम पाटीपासून सुरू व्हायचं आणि पाटीपाशीच संपायचं. उन्हाळ्यात शेणखत गाडीनं रानात टाकलं तरी ते पांगवायचं पाटीनं. उडीद-मुगाच्या शेंगा तोडायच्या त्या पाटीत. भुईमूग उपटून झाडला की शेंगा पाटीत, काढलेला कांदा पाटीत, मिरचीचा तोडा पाटीत. ज्वारी काढून पेंढ्या बांधल्या, कणसं मोडली की ती पाट्या भरभरून खळ्यावर न्यायची. खळ्यात तिवड्याभोवती बैल फिरून मळणी झाली की वाऱ्याची वाट बघत बसायचं. वारं सुटलं की एक जण वावडीवर उभा राहायचा आणि खाली उभी असलेली बाई भुसकटासकट धान्याची पाटी भरून त्याच्या हातात द्यायची. तो ती खांद्याच्या उंचीवरून हलकेच हालवत रिती करायचा; भूस पुढं उडून जायचं, दाणा पायाशी पडायचा. रिकामी पाटी खाली, भरलेली वर. वारं पडेपर्यंत खालच्या बाईला कंबर सरळ करायला उसंत नसायची. उपणणीचं वर्णन करताना आपल्या लेखकांचं लक्ष वावडीवरच्या माणसाकडे जातं. खालच्या पाटीवालीकडे फारसं कोणी बघितलेलं दिसत नाही.

पोतं गड्यानं उचलायचं आणि पाटी बाईनं, अशी ही जुनी वाटणी आहे. पोतं पाठीवर जातं, पाटी डोक्यावर. वजनात फरक असेल, फेऱ्यांत नाही. पोतं एकदा गाडीत पडलं की सुटलं. पाटी दिवसभर ये-जा करते.

वेळूच्या कामात एकट्या पाटीचेच नाना घाट. शेणाची पाटी उथळ आणि दणकट. धान्याची जरा खोल, विणीला घट्ट. डालगं त्याहून मोठं. कोंबडीची पिल्लं झाकायचं डालगं वेगळंच, विरळ विणीचं, वारा खेळता राहावा म्हणून. भाकरी ठेवायची दुरडी, पाखडायला सूप. घरच्या बाईला यांतली एक दुसरीच्या जागी चालत नाही. शेणाची पाटी कितीही घासली तरी धान्याला लावायची नाही, हा नियम कुणी लिहून ठेवला नसला तरी सगळ्यांना पाठ असतो.

विणताना बघावं तर आधी कोयत्याचंच काम लांब चालतं. हिरवा वेळू उभा धरून तोंडावर पातं ठेवायचं आणि ठोका द्यायचा. चीर पडली की वेळू पेरामागून पेर फाटत जातो. अर्ध्याचे पाव, पावाच्या कांब्या. मग खरं कसब. कांबेची पाठ आणि पोट वेगळं करायचं. पाठ म्हणजे बाहेरचा हिरवा, चकचकीत थर, तो चिवट. पोट आतलं, पांढरट आणि ठिसूळ. बोटाला चिंधी गुंडाळून पातं या दोन थरांमधून सरकवत न्यायचं. जरा तिरकं गेलं की पाती एका बाजूला पातळ होऊन तुटते, आणि चिंधी सुटली तर बोट कापतं. पाठीच्या पात्या बुडाला आणि काठाला वापरायच्या, जिथं जोर येतो तिथं. पोटाच्या पात्या मधल्या भरणीला.

बुडाला रुंद कांब्या आडव्या-उभ्या टाकून चांदणीसारखी मांडणी करतात आणि ती पायाच्या अंगठ्याखाली दाबून धरतात. तिच्याभोवती बारीक पाती एकदा आतून, एकदा बाहेरून फिरते. बूड हवं तेवढं झालं की कांब्या वर वळवायच्या. वेळू कोवळा आहे की जून, हे इथं कळतं. जून असेल तर वळताना तडकतो. पाण्यात भिजवून थोडं भागतं, सगळं भागत नाही. शेवटी काठ. वर आलेली टोकं दोन कड्यांच्या मध्ये धरायची आणि पातीनं आवळून टाकायची. पाटी मोडते ती काठापासून. डोक्यावरून उतरवताना बाई तिला काठालाच धरते, जमिनीवर आपटतो तोही बुडानंतर काठच. म्हणून जाणती बाई पाटी घेताना वीण बघत बसत नाही. दोन्ही हातांनी काठ दाबते, करकरला तर दुसरी मागते.

आणि बाजारातून येते ती पाटी अर्धीच असते. उरलेली अर्धी ती घरी पुरी करते. शेण आणि माती कालवून आतून-बाहेरून सारवण घालायचं, उन्हात वाळवायचं, तडे गेले की पुन्हा हात फिरवायचा. पिठासाठी किंवा बारीक धान्यासाठी असेल तर भिजवलेली मेथी वाटून, जुना कागद कुजवून त्याचा लगदा चोपडायचा. मग त्यातून राजगिऱ्याचा दाणासुद्धा गळत नाही. मेथीच्या कडवटपणानं कीड लागत नाही असं बायका सांगतात. वर्षातून दोनदा सारवण झालं तर पाटी वर्षानुवर्षं टिकते. हस्तकलेच्या प्रदर्शनात ठेवलेली पाटी मला नेहमी उघडी वाटते, ती यामुळे.

विणणारे दोन. बुरूड वेळूचं काम करतात आणि बहुतेक बाजाराच्या गावी स्थिरावलेले असतात. कैकाडी निरगुडीच्या फोकांचं आणि तुराट्यांचं काम करतात. त्यांचं बिऱ्हाड गाढवांवर, या गावाहून त्या गावाला. तूर काढल्यावर उरणाऱ्या काड्या हिरव्या असताना वळतात, वाळल्या तर भिजवून घ्याव्या लागतात. ईटच्या मातीला खरी जवळची पाटी कैकाड्याचीच म्हटली पाहिजे, कारण तूर इथंच उगवते. वेळू मात्र कोकणातून, विदर्भातून नाहीतर कर्नाटकातून यायचा. धाराशिव आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांत जंगल नावापुरतं. तेव्हा इथल्या बुरुडानं कच्चा माल कधी रानातून तोडून आणला नाही. तो त्यानं नेहमी विकत घेतला. पुढे जे घडलं त्याचं मूळ यात आहे.

कैकाड्यांच्या वाट्याला आलेलं जगणं लक्ष्मण माने यांनी १९८० साली ‘उपरा’त मांडलं आणि पुढच्याच वर्षी त्या पुस्तकाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पालात, फोकांच्या भाऱ्यांमध्ये गेलेलं बालपण त्यात आहे. ब्रिटिश अमलात १८७१ च्या कायद्यानं अनेक भटक्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. सोलापूरच्या सेटलमेंटच्या तारेत कोंडलेल्यांत कैकाडीही होते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला. आजही विदर्भातला कैकाडी अनुसूचित जातीत मोडतो आणि भूम-परांड्यातला विमुक्त जातीत. दोघांची पाटी एकच, दाखला वेगळा. बुरूड राज्यभर अनुसूचित जातीत आहेत. ज्यांनी विणलेली परडी देव्हाऱ्यापर्यंत जाते, त्यांचं पाल गावाबाहेर राहिलं, हे आपण फार सहज पचवलं आहे.

परडीचा विषय निघालाच आहे, आणि या जिल्ह्यात तो टाळताही येत नाही. तुळजाभवानीच्या आराधिणींच्या हातातली परडी ही वेळूचीच पसरट, गोल टोपली. गळ्यात कवड्यांची माळ आणि हातात परडी घेऊन जोगवा मागायचा. ज्या घरात आईची परडी आहे त्या घरात सणावाराला, पौर्णिमेला ती भरली जाते. लग्नात ऐरणीदानाला, म्हणजे झालीला, दिवे लावलेली वेळूची टोपली वराकडच्यांच्या डोक्यावर ठेवतात. बारशाला सूप, अधिक महिन्याच्या वाणाला सूप. मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला लातूरकडे आणि धाराशिवच्या पूर्व भागात बायका भज्जी, उंडे असं सगळं टोपल्यात भरून, वर धडपा टाकून डोक्यावरून रानात नेतात. आंबिलीची घागर वेगळी. आणि माणूस गेला की तिरडीलाही बांबूच लागतो. कामाची पाटी गेली तरी या मागण्या टिकून आहेत. बुरुडाचा धंदा आज बराचसा नवरात्र, लग्नसराई आणि मयत यांवर उभा आहे.

संतांची मात्र या धंद्याकडे पाठ दिसते. याच जिल्ह्यातल्या तेरला गोरोबाकाका झाले, कुंभाराचं मडकं अभंगवाणीत गेलं. शिंप्याला नामदेव, माळ्याला सावता, सोनाराला नरहरी आहेत. बुरुडाला कोण? त्यासाठी भाषेची हद्द ओलांडावी लागते. बाराव्या शतकात कल्याणमध्ये, आजच्या बसवकल्याणात, बसवेश्वरांच्या सोबत्यांमध्ये केतय्या नावाचा शरण होता. बांबूच्या टोपल्या विणून तो पोट भरायचा. त्याची कन्नड वचनं आजही वाचायला मिळतात. बुरुडांना तिकडे मेदार म्हणतात, म्हणून तो मेदार केतय्या. १९५६ पर्यंत कल्याण आणि ईट एकाच हैदराबाद राज्यात होते. १ नोव्हेंबरला राज्यांची फेररचना झाली, बिदर म्हैसूरकडे गेलं, मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि केतय्या आमच्याकडच्या पाठ्यपुस्तकांच्या कक्षेबाहेर राहिला. इकडच्या बुरुडांनी त्याला सोडलेलं नाही.

आता डोक्याकडे वळू. भरलेली पाटी एकटीला उचलता येत नाही. गुडघ्यापर्यंत येते, फार तर मांडीपर्यंत. पुढं दुसरीचा हात लागतो. म्हणून शेतात दिवसभर ‘जरा हात लावा वो’ ही हाक ऐकू येते. आधी चुंबळ: जुन्या लुगड्याचा पट्टा नाहीतर पदराचं टोक पिळून केलेलं वेटोळं, टाळूवर. त्यावर पाटी. वेळूच्या पाटीचं बूड किंचित गोलसर आणि लवचीक, त्यामुळे ते चुंबळीत बसतं आणि चालताना थोडं दबतं. लोखंडी घमेल्याला हे जमत नाही. त्याचा काठ तापतो, बूड डोक्यावर ठाम बसतं आणि प्रत्येक पावलाचा हिसका मानेत जातो. १९८६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात केनियातल्या बायकांवरचा एक अभ्यास छापून आला होता. शरीराच्या वजनाच्या सुमारे वीस टक्के ओझं डोक्यावरून नेताना लुओ बायकांना जास्तीची शक्ती जवळजवळ खर्चावी लागत नाही, असं त्यात निघालं. नंतरच्या काही अभ्यासांनी त्यावर शंका घेतली. पण पन्नास किलोच्या बाईला वीस टक्के म्हणजे दहा किलो. ओल्या शेणाची नाहीतर कांद्याची भरलेली पाटी दहा किलोत कधी बसलीय? डोक्यावरून ओझं नेणाऱ्या बाईच्या डौलदार चालीचं कौतुक करणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून बघावा. पाटीबद्दल हळहळताना त्या मानेबद्दल हळहळायचं राहून जाऊ नये.

मग पाटी गेली कशानं? सगळे म्हणतात प्लॅस्टिकनं. मला हे उत्तर अर्धवट वाटतं. लोखंडी घमेलं गावात आधीच आलं होतं. १९७२ च्या दुष्काळात बायका खडी फोडायच्या, माती वाहायच्या कामावर गेल्या तेव्हा घमेल्याशी त्यांची गाठ पक्की झाली. नंतर युरियाची रिकामी गोणी आली, टायरची रबरी टोपली आली, टोमॅटोसाठी क्रेट आले. पण खरा घाव घातला सोयाबीननं. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मराठवाड्याचा खरीप सोयाबीननं व्यापला. सोयाबीन कापायचं, गंजी घालायची, ताडपत्री अंथरायची, मळणीयंत्र बोलवायचं. एका बाजूनं काड गेलं की दुसऱ्या बाजूनं दाणे थेट पोत्यात. यात कणसं मोडणं नाही, खळं नाही, वावडी नाही, उपणणी नाही. पाटीचं काम हातचं काढून घेतलं गेलं, तिच्या जागी दुसरं काही ठेवलं गेलं असं नाही. ज्वारीखालचं रान आटलं तशी पाटी आटली. जे उरलं, शेण नि कांदा, ते स्वस्त प्लॅस्टिकच्या वाट्याला गेलं. त्यातही दोष एकट्या गिऱ्हाइकाचा नाही. सारवणाला लागणारा वेळ ऊसतोडीला निम्मं वर्ष परमुलखात काढणाऱ्या बाईकडे कुठून येणार?

दुसरी बाजू वेळूची. शेजारच्या कर्नाटकात एक प्रकरण घडलं, ते महाराष्ट्रातल्या बुरुडालाही ओळखीचं वाटेल. दांडेलीच्या कागद गिरणीला सरकार बांबू टनाला दीड रुपयानं देत होतं. टोपल्या विणणाऱ्यांना तोच बाजारात टनाला दीड हजाराच्या घरात पडायचा. विणणाऱ्यांनी ओरड केली, की गिरणी आमचा बांबू संपवतेय. तेव्हाच्या अर्थमंत्र्यांनी, एम. वाय. घोरपडे यांनी, १९७५ च्या सुमारास परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांना तपास करायला सांगितलं. गाडगीळांना आढळलं ते असं: तोड सोपी व्हावी म्हणून बेटाच्या बुडाशी असलेलं काट्यांचं जाळं साफ केलं जात होतं. ते काटे म्हणजे कोवळ्या कोंबांचं कुंपण. कुंपण गेल्यावर कोंब गुरांच्या, साळिंदराच्या तोंडी पडू लागले, आणि बेटं खुरटली. गावकऱ्यांना हे आधीपासून ठाऊक होतं. त्यांना विचारलं मात्र कुणी नव्हतं.

कायद्यानंही बांबूला बराच काळ अडकवून ठेवलं. १९२७ च्या वन कायद्यात तो झाडांत मोडायचा. वनस्पतीशास्त्र त्याला गवत म्हणतं. स्वतःच्या बांधावरचा वेळू तोडून न्यायचा तरी परवान्यासाठी खेटे. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला बांबूवरचा सामूहिक हक्क २००९ साली मिळाला, आणि वाहतूक पास ग्रामसभेच्या हाती यायला २०११ चा एप्रिल उजाडला. वनक्षेत्राबाहेरचा बांबू झाडांच्या व्याख्येतून निघाला तो २०१७ च्या दुरुस्तीनं.

त्यानंतर वारं उलटं फिरलं. आज मराठवाड्यात बांबू लावा असं सरकारच सांगतं. शेजारच्या लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यातल्या लोदग्याला, शेतकरी नेते पाशा पटेल यांनी बांबूचा मोठा प्रसार चालवला आहे. रोहयोतून लागवडीला पैसे मिळतात, राज्याचं बांबू विकास मंडळ आहे. भाषणांत फर्निचर असतं, औष्णिक केंद्रांत जाळायचा बायोमास असतो, इथेनॉल असतं. आसामात नुमालीगडला बांबूपासून इथेनॉल काढणारा कारखाना उभा राहिलासुद्धा. कमी पाण्याच्या या भागात उसापेक्षा बांबू परवडला तर कोण नको म्हणेल? पण या सगळ्या मांडणीत बुरूड कुठं आहे, हे शोधावं लागतं.

इथं एक बारीक पण नेमकी अडचण आहे. विणायला लागतो तो एक-दोन वर्षांचा कोवळा वेळू, लांब पेरांचा, पातळ भिंतीचा, हिरवा. बांधकामाला आणि जळणाला लागतो तो तीन-चार वर्षांचा पक्व. तोडीचे नियम सांगतात की कोवळे राखा, जून तोडा. बेटाच्या तब्येतीसाठी ते बरोबरही आहे, कारण नव्या कोंबांना पोसतात ते हेच कोवळे वेळू. शिवाय लागवडीसाठी सुचवल्या जाणाऱ्या जातींत बाल्कोवासारख्या जाड भिंतीच्या जाती पुढे असतात. म्हणजे उद्या भूम-वाशीच्या माळावर हजारो बेटं उभी राहिली तरी त्यातल्या बहुतेकांत पाटीची कांब निघणार नाही. जिल्ह्यात पहिल्यांदाच बांबू पिकेल आणि जिल्ह्यातला बुरूड तो बाहेरूनच आणत राहील.

हे टाळणं महाग नाही. लागवड करणाऱ्यानं शंभरात दहा रोपं विणीच्या जातीची लावावीत. बेट जोमदार असेल तर त्यातले दुसऱ्या वर्षाचे चार-दोन वेळू काढल्यानं ते मरत नाही. मंडळानं अनुदानाच्या अर्जातच एक ओळ घालावी: तालुक्यातल्या नोंदणीकृत बुरूड-कैकाडी कारागिरांना ठरल्या भावानं इतका हिरवा वेळू. कागद गिरणीला वर्षानुवर्षं दीड रुपयानं देता येत होता, तर पाटी विणणाऱ्याला वाजवी भावात द्यायला अडचण नसावी. आणि हा निर्णय रोपं लागण्याआधी व्हायला हवा. जात चुकली तर ती सुधारायला पुढची तीस-चाळीस वर्षं संधी नाही, कारण एकदा लावलेलं बेट तेवढं उभं राहतं.